बजेटला बसलो की बायको उठून जाते

पत्र थोडक्यात असं, ओळख पटेल अशा गोष्टी काढून टाकल्या आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका भावानं लिहिलंय. सहा एकर कोरडवाहू, कापूस, सोयाबीन अन मधात तूर. घरी आई, बायको, चौथीतली मुलगी, अंगणवाडीतला मुलगा. मोबाईलवर त्यांनी रील पाहिली की नवरा-बायकोनं महिन्यातून एकदा चहा-नाश्ता घेऊन मजेत बजेट करावं, भांडणं कमी होतात. त्यांनी अ‍ॅप घेतलं. दर एक तारखेला रात्री जेवणं झाली की ओसरीत बसतात, आईपण असते, एकदा तर तालुक्यावरून आलूबोंडेही आणले. पण बायको "तुम्ही ठरवा ना" म्हणते अन पाच मिनिटात उठून जाते. ती बचत गटाची सचिव आहे, पण "घरच्या हिशेबात तिला काडीचा इंटरेस्ट नाही". मागच्या वर्षी दुबार पेरणीची पाळी आली तेव्हा तिनं गटातून २०,००० रुपये कर्ज काढून दिले, "तेव्हाही काही बोलली नाही". आणि आता तुरीच्या डाळीच्या डब्यात त्यांना फडक्यात बांधलेले ८,४०० रुपये सापडले. तसेच ठेवून दिले, पण डोक्यातून जात नाही. "दिवसाचे तंबाखू-सुपारीचे दोन खर्रे सोडले तर मला कुठला शौक नाही, मी काही लपवत नाही, मग तिनं काहून लपवावं? अन तिला यात गोडी कशी लावू?"

भाऊ, ते पैसे जसे होते तसे ठेवून दिले, घरात बोभाटा केला नाही, हे फार चांगलं केलं, कितीतरी घरात इथंच महाभारत झालं असतं. त्या डब्याकडे येते मी, पण आधी तुमच्या पत्रातली दोन वाक्यं घेऊ, तुम्ही ती सहज लिहून गेले अन मी तिथंच अडकली.

एक, की वहिनींना हिशेबात इंटरेस्ट नाही. दोन, की वहिनी गटाच्या सचिव आहेत. आता ही दोन्ही वाक्यं एकाच बाईबद्दल खरी कशी असतील सांगा बरं. सचिवाचं काम काय असते, दहा-बारा बायांची बचत कोणाची आली कोणाची राहिली, कोणी किती कर्ज उचललं, त्यावर व्याज किती झालं, बँकेत किती भरले, हे सगळं रजिस्टरमध्ये लिहायचं अन बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं, अन एक रुपया इकडचा तिकडे झाला तर बाया सोडत नाहीत. गटांची जी पंचसूत्री सांगतात, नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड अन हिशेब लिहिणं, ती त्या दर बैठकीला पाळून राहिल्या. तुम्ही अ‍ॅपवर जे आत्ता शिकून राहिले ते त्यांना पाठ आहे.

मग तुमच्याच बैठकीतून काहून उठतात? आधी वेळ पाहा. रात्री जेवणं झाली की तुम्ही मोकळे, पण त्यांचे भांडे पडलेले, विरजण लावायचं, लहान्याला झोपवायचं. त्यात सासूबाई समोर बाजेवर. सासूसमोर सून म्हणेल का की मला राखीला माहेरी जायचं आहे, जाण्यायेण्याचे अन भावाच्या पोरांच्या खाऊचे ६०० रुपये बाजूला काढा? ती "तुम्ही ठरवा"च म्हणेल. आईंचा यात काही दोष नाही, त्यांना जे विचारायचं ते जरूर विचारा, पण दोघांचा हिशेब दोघांनी करावा, अन तो मांडी घालून बसूनच झाला पाहिजे असं कुठं लिहिलंय. बाजारातून येताना गाडीवर होते, दुपारी वावरात शिदोरी सोडली की निंबाखाली होते.

दुसरं म्हणजे तुमच्या अ‍ॅपमध्ये दिसते काय? मागच्या महिन्यात गेलेलं. किराणा इतका, रिचार्ज इतका, दवाखाना इतका. अन यातला बहुतेक पैसा खर्च कोणाच्या हातून होते, वहिनींच्या. म्हणजे तुम्ही समोर मोबाईल धरून विचारून राहिले की ह्या महिन्यात तेल जास्त काहून लागलं, अन त्यांनी त्याचं उत्तर द्यायचं, सासूच्या देखत. ही कोर्टातली पेशी झाली भाऊ, अन पेशीला आलूबोंडा दिला म्हणून कोणाला मजा येत नाही. खत, फवारणी, डिझेल, मजुरी हे त्या अ‍ॅपमध्ये भरता का हो? पत्रात तरी कुठं दिसलं नाही. वर्षाचा मोठा पैसा वावरात जाते अन तपासणी होते मिठा-मिरचीची.

गटात असं चालत नाही, वहिनींनाच विचारून पाहा. तिथं कोणी म्हणत नाही की शांताबाई तुम्ही मागच्या आठवड्यात साडी काहून घेतली. तिथं विचारतात की पुढचा हप्ता कधी येईल, पुढच्या महिन्यात कोणाला किती लागणार, कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाची पोरगी हॉस्टेलला चालली. सगळं पुढचं. मला वाटते तुमच्या सगळ्या गोंधळाची चावी इथंच आहे, की घरात बोलायचं ते येणाऱ्या पैशाचं अन येणाऱ्या खर्चाचं. गेलेलं गेलं. फारच मोठं भोक पडलं असेल तर वर्षातून एखाद वेळी पाहावं, दर महिन्याला तेच उकरून काय मिळते, तोंडं वाकडी होतात फक्त.

आता जरा टोचेल असं लिहिते. त्या २०,००० चे हप्ते कोणी भरले? तुम्ही पत्रात लिहिलं नाही. भरले असाल तर मला माफ करा अन हा पॅरा सोडून द्या. पण नसतील, तर शेकडा एक रुपया महिना व्याज जरी धरलं तरी पहिल्याच महिन्याचे २०० होतात, मुद्दल वेगळं. सचिव बाईच हप्ता चुकवते म्हटल्यावर गटात काय तोंड दाखवणार, म्हणजे त्यांनी कुठून तरी भरलेच असतील, लाडक्या बहिणीच्या १,५०० मधून नाहीतर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून जे किलोमागं मिळते त्यातून. "काही बोलली नाही" असं तुम्ही लिहिलं. माझा अंदाज असा की डाळीच्या डब्यात पैसे जायला तेव्हाच सुरुवात झाली असावी.

आपल्याकडे हे घराघरात होते, अन कोणाची नियत वाईट असते म्हणून होत नाही. डीएपी खताचं पोतं १,३५० चं, ते पेरणीलाच लागते, पाऊस आपल्यासाठी थांबत नाही. कानातलं मात्र थांबू शकते. माहेरी जाणं थांबू शकते, शिलाई मशीन थांबू शकते. मग दर जूनमध्ये जे थांबू शकते ते थांबते, अन नेमकं ते बाईचंच असते. दोन-तीन हंगाम असं झालं की बाईला एवढं कळते की घरात दिसलेला पैसा वावरात जाते, म्हणून ती दिसू देत नाही. यात तुम्हाला फसवायचा विचार कमी अन पोरीच्या दवाखान्याची भीती जास्त असते.

अन तुम्ही म्हणता मी काही लपवत नाही. चांगलं आहे, पण वहिनींना एकूण देणं किती आहे ते माहीत आहे का? बँकेचं पीक कर्ज, बियाणं-खत विकणाऱ्या कृषी केंद्राची उधारी, कोणाकडून हातउसने घेतलेले, सगळं मिळून आकडा एकदा तरी तोंडातून काढला का? बऱ्याच माणसांना तो आकडा बायकोसमोर बोलायची लाज वाटते, अन काहीजण तर स्वतःशीही बोलत नाहीत. न सांगणं म्हणजे लपवणं नाही असं तुम्ही म्हणाल, पण त्या बाजूनं पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसते.

तर डब्याचं काय करायचं. एक रस्ता असा की कधीच बोलू नका. हा वाईट नाही, पण तुमचा स्वभाव पत्रावरून दिसते, तुम्हाला ते पचणार नाही, कधीतरी भांडणात तोंडातून निघेल अन तेव्हा फार वाईट निघेल. दुसरा रस्ता, आज रात्रीच विचारायचं. हा तर बिलकुल नको, डबा फक्त जागा बदलेल. मी म्हणेन आधी गटाचे पैसे परत करा, एकदम नाही तर दोन-तीन वेळा मिळून, सोयाबीनच्या पैशातून पहिला वाटा तोच. त्यानंतर एखाद्या चांगल्या दिवशी सांगून टाका की मला डब्यातले दिसले होते, मी मोजले अन ठेवून दिले, ते तुझे आहेत, पेरणी अडली तरी मी मागणार नाही. अन मग खरंच मागू नका. जूनमध्ये तुमची परीक्षा आहे.

आता गोडी लावायचं. ती रील ज्यानं बनवली त्याला दर एक तारखेला पगार होत असेल, त्याचं महिन्याचं बजेट बरोबर आहे. आपलं साल तसं चालत नाही. पैसा येते दसऱ्यापासून होळीपर्यंत, आधी सोयाबीन, मग कापसाचे वेचे, मग तूर. जाते मृगापासून पोळ्यापर्यंत. तुमचं अ‍ॅप जून ते सप्टेंबर लालच दाखवणार, तुम्ही किती काटकसर करा, अन दर महिन्याला नापास व्हायला कोणाला आवडते? म्हणून महिन्याचं सोडा, सालाचं धरा. दोन मोठ्या बैठका. एक दिवाळीच्या आसपास, सोयाबीनचे पैसे हाती आले की. दुसरी गुढीपाडव्याला. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल पाडव्याला ठरते, तसं घराचंही ठरवून घ्या, तोवर कापूस-तुरीचा निकाल लागलेला असते अन पेरणीला अजून वेळ असते, डोकं शांत असते.

दिवाळीच्या बैठकीत एकच काम पक्कं करा, पावसाळ्याचे चार महिने बांधून ठेवा. समजा घरखर्च ९,००० आहे, तर चार महिन्यांचे ३६,००० अन पोरांच्या शाळेचे ४,०००, असे ४०,०००. आपल्या विदर्भात उन्हामुळं शाळा जूनच्या शेवटी उघडतात, बरोब्बर पेरणीच्या तोंडावर, वही-दप्तर अन बियाण्याची बॅग एकाच आठवड्यात येतात, त्यात हार कोणाची होते तुम्हाला माहीत आहे. हे ४०,००० वहिनींच्या खात्यात टाका. एकदम नाही जमणार, सोयाबीनमधून अर्धे, कापसाच्या वेच्यावेच्याला थोडे थोडे करून पाडव्यापर्यंत पूर्ण करा. वावराचा पैसा तुमच्या खात्यात, घराचा त्यांच्या, अन इकडून तिकडे उसने घेतले तर चिठ्ठीवर लिहून परत द्यायचे, जसं गटात होते तसं.

एक सावधगिरी. हमीभावावर हिशेब मांडू नका. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ जाहीर झाला, ऐकून बरं वाटते, पण नोंदणी, नंबर, ओलावा, या सगळ्यातून जाईपर्यंत हातात पैसा लागते म्हणून माल गावातच घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला जाते. समजा ४,२०० नं गेला. दहा क्विंटलला ११,२८० चा फरक पडला, अन तेवढे तर आपण कागदावर आधीच खर्च करून बसलेलो असतो. कमी भाव धरा. वरचे आले तर तो आनंद वेगळा. कर्जमाफीचंही तसंच, जोवर खात्यात दिसत नाही तोवर हिशेबात घेऊ नका. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य पडते, वाट पाहत बसलं की ती सवलत जाते, खातं थकलं की पुढचं कर्ज अडते, अन मग कृषी केंद्राची उधारी आहेच, जिथं व्याज भावातच लावलेलं असते अन कोणी सांगत नाही.

आणि भाऊ, या खेपेला बाजार समितीत माल विकायला जाल तेव्हा वहिनींना सोबत न्या. खरंच न्या. ढीग पडते, लिलाववाले येतात, मूठभर दाणे हातात घेऊन एकानं दातानं फोडून पाहिला, दुसऱ्यानं वाकून फुंकर मारली अन माती दाखवून पन्नास रुपये कमी केले, मग काटा, मग हिशेबपट्टी. त्या पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई अन खाली हाती येणारी रक्कम. ती पट्टी घडी करून खिशात घालण्याआधी वहिनींच्या हातात द्या. चार महिने जिनं निंदलं, वेचलं, तिनं हा कागद बहुतेक कधी पाहिलेला नसते. तिथून यार्डाबाहेर चहा घ्या अन त्याच पट्टीच्या मागं पेनानं लिहा, गटाचे इतके, कृषी केंद्राचे इतके, घराचे इतके. झाली तुमची बजेट बैठक. त्या दिवशी त्या उठून जातील असं मला वाटत नाही.

मजेचं म्हणाल तर पीएम किसान अन नमो शेतकरी मिळून वर्षाचे १२,००० येतात, २,०००-२,००० नं, अन नेमके कधी येतील याचा भरवसा नसते. ज्याची तारीख माहीत नाही त्या पैशावर किराणा कशाला ठेवायचा? त्यातला निदान एक हप्ता तरी मौजेचा करून टाका, अन मौज काय ती वहिनींनी ठरवायची. शेगाव म्हणतील, चिखलदरा म्हणतील, नाहीतर दोन दिवस माहेरी बिनघाईनं राहायचं म्हणतील. तुम्ही "त्यापेक्षा पंप" असं म्हणायचं नाही.

बाजाराच्या दिवशी एक खेळ खेळून पाहा, पोरीलाही घ्या. घरून निघताना तिघांनी आपापला अंदाज सांगायचा की आज पिशवी कितीची होईल. आलू, वांगे, सांभार म्हणजे कोथिंबीर, लसूण, मिरची, पोरांचा खाऊ. परत आल्यावर बेरीज पोरगी करेल, चौथीतली आहे, तिच्या गणिताचंही होऊन जाते. ज्याचा अंदाज सगळ्यात दूर त्यानं संध्याकाळचा चहा करायचा. तुम्हीच हराल पहिल्यांदा, लिहून देते, कारण लसणाचा भाव तुम्हाला माहीत नाही. तसंच तुम्ही सोयाबीनच्या भावावर पैज लावा, दसऱ्याला काय निघेल, त्यात वहिनी हरतील की नाही तेही मला सांगता येत नाही, बायांच्या कानावर बरंच पडते.

अन दोघांनाही थोडा पैसा असा पाहिजे ज्याचा हिशेब कोणी कोणाला विचारणार नाही. आता खर्रा काढते, रागावू नका. दिवसाचे दोन, एक पंचवीसचा धरू, महिन्याचे १,५००. बरोब्बर लाडक्या बहिणीचा हप्ता. तोंडाच्या कॅन्सरचं मी इथं सांगत बसत नाही, तुम्हाला माहीत आहे अन तरी चालू आहे. मुद्दा पैशाचा, की तुमचे १,५०० "शौक नाही" मध्ये जमा होतात अन त्यांचे घरात किंवा गटाच्या हप्त्यात जातात. एक तर खर्रा तुमच्या वाट्यात धरा अन तेवढाच वाटा त्यांना द्या, नाहीतर एकावर या अन वाचलेले ७५० त्यांच्या वाट्यात टाका. कोणतं ते तुम्ही पाहा. त्यांच्या वाट्याचं त्या काय करतात, डब्यात ठेवतात की साडी घेतात, ते विचारायचं नाही.

ज्या बहिणी हे वाचून राहिल्या अन म्हणून राहिल्या की आमच्याकडे उलटं आहे, मालक पट्टी दाखवतच नाहीत, त्यांनी भांडणापासून सुरू करू नका. "पट्टी दाखवा" म्हटलं की पेशी उलट्या बाजूनं सुरू होते. "पुढच्या चार महिन्यांना घरात इतके लागतात, त्यातले किती येतील?" असं आकडा घेऊन विचारा, कागदावर लिहून नेलं तर अजून चांगलं. आकड्याला आकड्यानंच उत्तर द्यावं लागते. अन नोकरीवाल्यांनी हंगामाचं सोडून बाकी सगळं घ्यावं, पेशी तुमच्याकडेही चालतेच.

शेवटी भाऊ, एवढं करूनही वहिनी पहिल्या दोन-तीन वेळा "तुम्ही ठरवा"च म्हणतील. इतक्या वर्षांची सवय आहे, एका पट्टीनं जाणार नाही. तेव्हा मात्र ठरवून टाकू नका. "बरं, बाजाराच्या दिवसापर्यंत विचार कर" म्हणा अन खरंच तोवर तो पैसा तसाच राहू द्या. त्यांनी काही सुचवलं अन ते तुम्हाला पटलं नाही, तरी पहिल्या वेळी होऊ द्या, हजार-दोन हजाराचं असेल तर काही वावर विकावं लागत नाही. अन पाडव्यानंतर कळवा काय झालं ते, विशेषतः लसणाच्या पैजेचं.